रानात घाणेरी-सुबाभूळ माजली आहे. तणनाशक वापरावं का, आणि वापरायचं तर कसं?

रानवाट

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. आम्ही काही जण ज्या रानाची राखण करतो तिथे घाणेरी आणि सुबाभूळ यांनी ठाण मांडलंय. तोडणी नेटाने चालू आहे, पण सुबाभळीचा एक बुंधा तोडला की त्याच खुंटातून पुढच्या हंगामात मूठभर धुमारे वर येतात. घाणेरीही बुडातून पुन्हा झुपका धरते. जाळीखाली देशी झाडांची रोपं अजून तग धरून आहेत, मधून ओढा वाहतो, त्यात बेडूक-खेकडे आहेत. हे सगळं वाचवायचंय म्हणूनच हा खटाटोप.

तणनाशकावरून गटात दोन तट पडलेत. माझं मत असं की वापरायचंच तर पंप पाठीवर घेऊन फवारायचं नाही, तोडलेल्या खुंटावर ब्रशने लावायचं, तेवढंच. ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांचं ऐकायचं आहे. कुठलं औषध, कोणत्या दिवसांत, माती-पाण्याचं काय, आणि लावणाऱ्या माणसाचं काय?

टिटवी

वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडेही हाच वाद आहे, त्यामुळे रुमाल टाकून बसते.

खैर

रानवाट, दिशा बरोबर आहे. खुंटावर लावणं ही या कामातली सगळ्यात आटोपशीर पद्धत. औषध कमी लागतं, वाऱ्याने उडत नाही, शेजारच्या रोपावर पडत नाही. पण ती फसते ती बारीकसारीक गोष्टींत, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

खुंट शक्य तितका जमिनीलगत आणि सपाट कापा. तिरका कापला तर औषध ओघळून मातीत जातं. कापल्यावर वर बसलेला भुसा झटकून टाका, नाहीतर औषध भुशातच मुरतं. आता खुंटाकडे नीट बघा: मधला गडद गाभा मेलेला असतो, तिथे औषध ओतून काही उपयोग नाही. सालीच्या अगदी आत एक ओलसर, फिकट कडं दिसेल. झाडाचं अन्न मुळांकडे नेणारा थर तिथेच असतो. ब्रश त्या कड्यावरून फिरवायचा. बुंधा मनगटाएवढा बारीक असेल तर सगळा पृष्ठभाग रंगवला तरी चालतो, जाड असेल तर फक्त कडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. ग्लायफोसेट हे तणनाशक लावत असाल तर कापल्यापासून पाच-दहा मिनिटांच्या आत लागलं पाहिजे. त्यानंतर कापलेला भाग सुकून स्वतःला बंद करून घेतो आणि औषध आत ओढलं जात नाही. म्हणून जोडीने काम करा, एक कापणारा आणि एक लावणारा. सकाळी शंभर खुंट कापून ठेवायचे आणि जेवून आल्यावर औषध लावायचं, असं केलं तर औषधही गेलं आणि मेहनतही.

भुंगा

जळकं तेल किंवा डिझेल ओतलं तर? आणि खुंटाला भोक पाडून मीठ भरायचं असंही ऐकलंय. दोन्ही सहज मिळतात.

खैर

भुंगा, दोन्ही नको. जळक्या तेलात जड धातू असतात, ते मातीत राहतात. मिठाने खुंट मरेल न मरेल, पण तिथली माती मात्र खारवते आणि तुम्हाला जी रोपं जगवायची आहेत तीच आधी मरतात. सहज मिळतं म्हणजे निरुपद्रवी असतं असं नाही. तणनाशकाची निदान चाचणी झालेली असते आणि मात्रा ठरलेली असते, या घरगुती उपायांचं तेवढंही नाही.

देवराई

माझा सूर वेगळा आहे. घाणेरीसाठी औषधाची गरजच नाही असं माझं ठाम मत.

घाणेरीला फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या पट्ट्यातून. आपण कोयत्याने वर छाटतो आणि तो पट्टा जमिनीत तसाच ठेवतो, म्हणून ती परत येते. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं आहे. मातीच्या खाली थोडं, साधारण 3 ते 5 सेंटीमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं, झुडूप उचलायचं आणि मुळं वर करून उलटं ठेवायचं. माती फारशी उकरली जात नाही, त्यामुळे आधीच पडलेलं बी उगवायला मोकळी जमीनही कमी मिळते. कॉर्बेटच्या परिसरात या पद्धतीने घाणेरी काढून तिथे गवताळ रान परत आणलं गेलं. आम्ही हेच करतो. एकदा हाताला वळण पडलं की माणूस भराभर झुडपं उलटी करत जातो.

औषध हातात आलं की माणूस आधी औषधाचाच विचार करतो, कुदळ मागे पडते. माझा आक्षेप मुख्यतः त्यावर आहे.

कातळ

देवराईताईंशी घाणेरीपुरता शंभर टक्के सहमत. ओली माती असेल तर कोवळं झुडूप हातानेही निघतं.

रानवाट

ताई, ही पद्धत आम्ही नक्की धरू. पण सुबाभळीचं काय? मांडीएवढे बुंधे झालेत, मूळ खोल. ओढ्याच्या उतारावर ते खणून काढलं तर पहिल्याच मोठ्या पावसात काठ वाहून जाईल.

देवराई

ते मान्य. उतारावर खणू नका. तिथे खुंट मारावा लागेल, आणि तेवढ्यापुरतं औषध लावण्याला माझा विरोध नाही.

पाणकावळा

ओढा म्हणालात म्हणून लिहितो. लोक ग्लायफोसेटविषयी बोलतात, पण बाटलीत नुसतं ग्लायफोसेट नसतं. ते पानाला चिकटून आत शिरावं म्हणून त्यात साबणासारखा एक घटक घातलेला असतो. पुष्कळ उत्पादनांत तो पीओईए नावाचा असतो, आणि बेडकांच्या पिलांना, माशांना मूळ औषधापेक्षा तोच जास्त घातक ठरतो. पाण्याजवळ वापरायची परवानगी असलेली वेगळी उत्पादनं मिळतात, त्यात तो घटक नसतो. लेबलवर पाण्याजवळच्या वापराचा स्पष्ट उल्लेख नसेल तर काठापासून लांबच राहा.

ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, म्हणून ते सहसा झिरपून खाली जात नाही. पण ती माती पावसाने वाहून ओढ्यात आली तर सोबत तेही येतं. उतारावर काम करताना पुढच्या दोन दिवसांचा पावसाचा अंदाज बघूनच निघायचं.

साळुंखी

त्याच गुणाची दुसरी बाजू: गढूळ पाण्यात ग्लायफोसेट मिसळलं तर ते गाळालाच चिकटतं आणि झाडावर काम करत नाही. ओढ्याचं पाणी बादलीत घेऊन द्रावण करणारे पाहिलेत, मग "औषधात दम नाही" म्हणून मात्रा वाढवतात. स्वच्छ पाणी घरून न्या. पाणी फार जड, म्हणजे क्षारांचं असेल तरी परिणाम घटतो.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. हे द्रावण जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीत किंवा साध्या लोखंडी डब्यात करायचं नाही आणि साठवायचंही नाही. धातूशी क्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होतो, तो पेट घेऊ शकतो. प्लास्टिकचाच डबा वापरा.

टिटवी

बापरे, हे खरंच माहीत नव्हतं. आमच्या शेडमध्ये पत्र्याची बादलीच आहे. उद्याच तिची बदली करते, बढतीवर, कपडे भिजवायला.

घुबड

टिटवी :)) फक्त तीत आधी औषध कालवलं असेल तर कपड्यांसाठीही नको. ज्या भांड्यात औषध गेलं ते कायमचं औषधाचंच.

कातळ

लावणाऱ्या माणसाचं काय, या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. मी हे काम करणाऱ्या गटांबरोबर पुष्कळ फिरलो आहे.

लोक तोंडाला रुमाल बांधतात आणि समजतात झालं. ब्रशने लावताना नाकापेक्षा हात आणि डोळे जास्त धोक्यात असतात. नायट्राइलचे लांब हातमोजे घाला. कापडी किंवा चामड्याचे अजिबात नको, ते औषध शोषून दिवसभर कातडीला लावून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात तरी लगेच धुता येतो. चष्मा बाजूने बंद असलेला हवा, खास करून दाट औषध ओतून घेताना, कारण शिंतोडा तेव्हाच उडतो. ट्रायक्लोपायर या दुसऱ्या तणनाशकाचा एक प्रकार डोळ्याला कायमची इजा करू शकतो. डोळ्यात गेलंच तर 15 ते 20 मिनिटं स्वच्छ पाण्याने सावकाश धुवत राहायचं आणि लेबल बरोबर घेऊन डॉक्टरकडे जायचं. लेबल यासाठी की डॉक्टरला औषधाचं नाव नाही, आतला घटक कळायला हवा.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट, विजार बुटाच्या बाहेर. काम संपल्यावर हातमोजे हातात असतानाच आधी साबणाने धुवायचे, मग काढायचे. घरी गेल्यावर ते कपडे बाकीच्यांत मिसळायचे नाहीत. आणि मध्येच तंबाखू मळायची सवय असेल तर त्या दिवशी ती घरी ठेवून यायची.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका, पाच मिनिटांसाठीही नाही. शेतातल्या-रानातल्या किती तरी अपघातांचं मूळ तिथे असतं.

खैर

कातळ यांच्या प्रतिसादाला +1. आणि त्याला जोडून: पॅराक्वाट हे तणनाशक कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. ते फक्त लागलेला हिरवा भाग जाळतं, मुळापर्यंत जातच नाही, त्यामुळे झुडूप परत फुटतं. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. या कामासाठी त्याचा उपयोग शून्य आणि धोका मात्र पूर्ण.

पानगळ

कर्करोगाचा मुद्दा कुणी ना कुणी काढणारच, तर मीच काढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेटला "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांनी तपासून वेगळा निष्कर्ष काढला. युरोपीय संघाने नोव्हेंबर 2023 मध्ये त्याची परवानगी 10 वर्षांनी वाढवली. भारत सरकारने मात्र ऑक्टोबर 2022 मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रकांपुरताच मर्यादित केला. तेव्हा स्वयंसेवक म्हणून ब्रश उचलण्याआधी आपल्याला तो उचलायची परवानगी आहे का, हे बघणं ही पहिली पायरी आहे. जंगल सरकारी असेल तर वनखात्याची लेखी परवानगी वेगळी.

दोन तज्ज्ञ संस्था वेगळं बोलतात तेव्हा सामान्य माणसाने काय करावं? माझं उत्तर सोपं आहे, अंगावर येऊ द्यायचं नाही. पहिली संस्था "याने कर्करोग होऊ शकतो का" हे बघते, दुसऱ्या "इतक्या संपर्काने होईल का" हे बघतात. तो संपर्क किती ठेवायचा हे आपल्या हातात आहे.

देवराई

पानगळ, हे फार नेमकं मांडलंत. माझ्या गटात वाचून दाखवणार आहे.

घुबड

फवारणीबद्दल एक अनुभव. आमच्या शेजारच्या रानात एका गटाने घाणेरीवर भर दुपारी फवारणी केली. घाणेरी वाळली, पण शेजारची करवंदं, दोन वाव एवढ्या पट्ट्यातलं सगळं गवत आणि एका कोवळ्या अंजनीची एक बाजूही वाळली. वारा फार नव्हता असं ते सांगत होते. बारीक थेंबाला फार वारा लागतच नाही. शिवाय मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्यात पुढच्या वर्षी रानमोडी हे दुसरं तण उगवलं.

साळुंखी

वारा अगदी पडलेला असतानाही फवारू नये, हे लोकांना पटत नाही. पहाटे किंवा संध्याकाळी थंड हवा जमिनीलगत बसते आणि त्यावर उबदार हवेचं झाकण असतं. तेव्हा बारीक थेंब खाली न बसता तसेच तरंगत राहतात आणि भलतीकडे सरकतात. धुराची रेघ वर न जाता आडवी पसरताना दिसली की समजायचं, आज फवारणी नाही.

भुंगा

मग तोडायच्याच भानगडीत न पडता उभ्या झाडाला मारता येत नाही का? मांडीएवढी सुबाभूळ पाडताना खालची रोपंच चेंगरतात.

साळुंखी

येतं, आणि तुमचा मुद्दा रास्त आहे. दोन रीती आहेत. एक म्हणजे बुंध्याभोवती कुऱ्हाडीने खालच्या दिशेने तिरप्या खाचा पाडायच्या आणि प्रत्येक खाचेत थोडं औषध सोडायचं. खाचांच्या मध्ये सालीचा पट्टा शाबूत ठेवायचा. सगळी साल गोल कापली तर औषध मुळापर्यंत न्यायला वाटच उरत नाही. दुसरी रीत म्हणजे तेलात मिसळलेलं ट्रायक्लोपायर खालच्या सालीवर चहूबाजूंनी लावायचं. ते साधारण 15 सेंटीमीटर व्यासापर्यंतच्या, पातळ सालीच्या झाडांवर चालतं. मात्र हा तेलात मिसळणारा प्रकार कडक उन्हात वाफ होऊन शेजारच्या पानांना लागतो आणि माशांना विषारी आहे. ओढ्याकाठी नको.

वाळलेलं झाड उभं राहतं आणि हळूहळू मोडून पडतं. पायवाटेच्या कडेला असेल तर फांद्या अंगावर पडायचा धोका, तिथे तोडलेलंच बरं.

कातळ

इथे थोडा मतभेद नोंदवतो. मुळांतून फुटणाऱ्या जातींसाठी मी आधी तोडण्याच्या विरोधात आहे, पायवाट असली तरी. मूळचं चीनचं आणि 1784 मध्ये अमेरिकेत पोचलेलं आयलँथस अल्टिसिमा हे झाड बघा, आपल्या महारुखाच्या कुळातलं. त्याला नुसतं तोडलं किंवा साल काढली की लांबवरच्या मुळांतून फुटव्यांचं रान उभं राहतं. तिथले लोक उन्हाळा सरता सरता, झाड पानांतलं अन्न मुळांकडे पाठवत असताना, उभ्या झाडालाच औषध देतात, ते पूर्ण वाळू देतात आणि मग पाडतात.

हंगामाचा हा नियम सगळ्यांनाच लागू. नवी पालवी फुटत असताना रस वरच्या दिशेने चढत असतो, तेव्हा लावलेलं औषध मुळाकडे नीट जात नाही. पानं पूर्ण भरल्यानंतरचे दिवस धरा. आणि दुष्काळात सुकलेल्या झाडावर वेळ घालवू नका, ते काहीच ओढून घेत नाही.

साळुंखी

मुळांतून फुटणाऱ्या जातींबाबत मान्य. सुबाभूळ मुख्यतः खुंटातूनच फुटते, म्हणून तिथे माझी तोडायला हरकत नाही.

पाणकावळा

शेजारच्या चांगल्या झाडांचा विषय राहिला. इमाझापायर, पिक्लोरॅम यांसारखी औषधं मातीत सक्रिय राहतात आणि मुळांवाटे दुसऱ्या झाडात शिरतात. दाट रानात ती नकोतच. ग्लायफोसेटचा तसा त्रास कमी, पण एकाच जातीच्या झाडांची मुळं जमिनीखाली कधी कधी जुळलेली असतात. त्यामुळे एका खुंटाचं औषध त्याच जातीच्या उभ्या झाडापर्यंत पोचू शकतं. सुबाभळीबाबत ते पथ्यावरच पडेल, पण खाली एखादा देशी भाईबंद असेल तर जपा.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, खूपच हाती लागलं. आता आमचं असं ठरतंय: घाणेरी पूर्णपणे कुदळीने, देवराईताईंच्या पद्धतीने. उतारावरची सुबाभूळ खुंटापाशी तोडून ब्रशने, परवानाधारक माणसाकडून, पाण्याजवळ चालणाऱ्या औषधाने. फवारणी नाही. एकच शंका: सुरुवात कुठून करू? सगळ्यात दाट जाळी आहे तिथून जोर लावावा असं बहुतेकांना वाटतंय.

देवराई

नको! उलट करा. सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी आपल्या भागातलं रान हाताने तण काढत परत उभं केलं. त्यांची शिस्त अशी: जिथे देशी झाडं सगळ्यात धडधाकट आहेत तिथून सुरू करायचं आणि जाळीच्या दिशेने सरकायचं. माती कमीत कमी हलवायची, आणि देशी रोपं मोकळी जागा भरून काढतील त्याच वेगाने पुढे जायचं. दाट जाळी एकदम साफ केली की ऊन थेट जमिनीवर पडतं आणि घुबड यांनी सांगितलं तसं रानमोडीला आमंत्रण मिळतं.

सुबाभळीचं बी टणक कवचाचं, मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. घाणेरीचं बी बुलबुल-साळुंख्या आणून टाकतात. त्यामुळे जेवढ्या जागेत दर वर्षी फिरून कोवळी रोपं उपटता येतील तेवढीच जागा हाती घ्या. बाकीची तशीच राहू द्या, मनाला कितीही टोचलं तरी.

साळुंखी

बी टाकल्याबद्दल माझ्या आयडीला दोषी धरू नये ही नम्र विनंती :)

टिटवी

एक प्रश्न, मग गप्प बसते. पाच-सहा जण एकाच वेळी लावत असताना कुठल्या खुंटाला लागलं, कुठला राहिला हे कसं कळतं? दोनदा लागला तर?

खैर

औषधात मिसळायचा निळा रंग मिळतो, तो घाला. लागलेला खुंट लांबून दिसतो, राहिलेलाही दिसतो. त्याचा मोठा फायदा म्हणजे हातमोज्याला भोक पडलंय, मनगटावर थेंब उडालाय, बुटावर सांडलंय, सगळं निळं दिसतं आणि माणूस लगेच धुतो. रंग काही दिवसांत उन्हाने उडून जातो.

लागलेल्या खुंटांवर पुढच्या वाढीच्या हंगामात एक फेरी मारा. कुठे धुमारा आला असेल तर लहान असतानाच खुंट खाली परत कापून कड्याला पुन्हा लावा. रिकाम्या बाटल्या तीन वेळा विसळायच्या, ते पाणी द्रावणातच घालून वापरायचं, ओढ्यात किंवा जमिनीवर ओतायचं नाही. मग बाटलीला भोकं पाडून टाकायची, म्हणजे तिच्यात परत कुणी काही भरणार नाही.

रानवाट

निळ्या रंगाचं आजच यादीत टाकतो. खैर, ब्रश कसला घेता? आमच्याकडचा भिंत रंगवायचा आहे, त्यातून फार ठिबकतं.

खैर

तो नको. एक-दीड इंची स्पंजचा ब्रश घ्या, किंवा झाकणातच स्पंज असलेली दाबायची बाटली. हातातून पडली तरी सांडत नाही. खडकाळ उतारावर बाटलीच बरी.